उघड्या दारांची चाळ

३ मार्च
आमच्या मॉडेल रेल्वे क्लबने होकार दिला!! दादरच्या प्रदर्शनात आमची छोटी रेल्वे धावणार, आणि तिच्या स्टेशनामागे माझी चाळ — पसंत पडली तर. आमचीच, परळची. पाडली म्हणून काय झालं? खरीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी मी ती परत बांधणार!

६ मार्च
पुठ्ठ्याच्या भिंती, झाडूच्या काड्यांचे कठडे. भिंतींना चहाचं पाणी लावलं — हुबेहूब ओल!
आई म्हणाली, "घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि भिंतींना चहा पाजतेय!" म्हणाली खरी, पण बशी तिनेच धरली होती. टॉवरमध्ये राहायला आल्यापासून ती गप्पच असते. समोर कोण राहतं, तेही आम्हाला माहीत नाही. आज बोलली!

११ मार्च
कपडे वाळत घातले, पिंपं ठेवली, गॅलरीत निळा झेंडा लावला. झाली!

१२ मार्च
नाही झाली. क्लबचा राजरत्न भिंग लावून बघत बसला. "काम एक नंबर. पण ओसाड वाटते गं. अशी नाही ठेवता येणार. रविवारपर्यंत बघ काहीतरी." काय चुकलं, ते त्यालाही सांगता येईना.

१३ मार्च
थोडी रडले. मग आईला दाखवली. बघताक्षणी म्हणाली, "सगळी गावाला गेलीत काय?"
"का गं?"
"दिवसाउजेडी सगळी दारं बंद! आपलं दार जरा लोटलं तरी जाईबाई धावत यायची — 'मालन, बरं नाय काय गं?'"
मी दारं बंद केली! त्या चाळीत जन्मलेली मी! टॉवरच्या काही महिन्यांतच ही सवय?
ब्लेडने एकेक दार सोडवलं. आई सांगत गेली, मी करत गेले. जाईबाईची शिलाई मशीन. कुशाबामामांचा कॅरम. आमच्या दारात आई — हातात वाटी, शेजारी साखर मागायला निघालेली.
"मला जाडी केलीस!"
ती आई नखाहून जरा मोठी आहे!

१५ मार्च
पसंत!!! गाडी दोनदा फिरून गेली तरी राजरत्न वाकून दारांतून आतच बघतोय.

२२ मार्च
प्रदर्शन. आई चाळीजवळून हलेना. कुठल्या खोलीत कोण राहायचं, ते येईल त्याला सांगत होती. लोक ऐकतही होते!

२३ मार्च
कामावरून आले. आमचं दार सताड उघडं. समोरचंही! आत आई, आणि एक बाई चहा पिताहेत.
"ही समोरची कौसल्या," आई म्हणाली. "मीच गेले वाटी घेऊन."
"साखर संपली होती?"
"छे!"