लॉबीतली पिसांची उशी

आई, तुझ्या पिसांच्या उशांपैकी शेवटची उशी मी परवा फोडली. बाथरूममध्ये, खिडकी लावून, पिसांवर पाणी शिंपडत. तू गेल्याला बावीस वर्षं झाली, तरी उसवताना तुझा हात माझ्या हातावर आहे असं वाटून चिडचिड झाली. फणसवाडीत दर उन्हाळ्यात तू हेच करायचीस. बाबांच्या ऑफिसातला गोरा साहेब मायदेशी जाताना देऊन गेलेल्या त्या चार उशा. पिसं जुन्या मच्छरदाणीच्या पिशवीत बांधून गच्चीवर उन्हात, खोळ उकळत्या पाण्यात, आणि परत भरण्याआधी खोळीला आतून साबणाची वडी घासायची, म्हणजे पिसांची टोकं बाहेर येत नाहीत. मी दहा वर्षांची असेन. सगळ्यात मळकी उशी उचलून मी म्हणाले, ही भांडीवालीला देऊन टाकू या. तू सुई थांबवलीस. ‘तू ठेवशील गाल हिच्यावर?’ मी नाही म्हटलं. ‘मग ती कशाला ठेवेल?’ कॉन्व्हेंटातल्या सगळ्या मदर मिळून मला इतकं लाजवू शकल्या नव्हत्या.

आता ऐक. शिवाजी पार्कजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या पृथ्वी वाचवणं चालू आहे. सेक्रेटरीच्या बायकोने ग्रुपवर मेसेज टाकला: जुन्या उशा फेकू नका, गरजूंना द्या. दोन दिवसांत लॉबीतल्या टेबलावर ढीग. काय एकेक उशी! लाळेचे पिवळे नकाशे, तेलाचे टाळूएवढे डाग, गाठी झालेला कापूस. दर वर्षी युरोपला जाऊन येणारी माणसं ही, आणि ढिगाचा फोटो काढून खाली हात जोडल्याची चित्रं टाकत होती. मी खाली उतरले आणि विचारलं, ‘हे कोणाला देणार?’

‘काकू, नीडी लोकांना. कचऱ्यात जाण्यापेक्षा बरं ना? त्यांना चालतं.’

‘तुला चालेल? आज रात्री घे यातली एक.’

ती हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं. मग मी तिला, आणि लिफ्टसाठी थांबलेल्या सगळ्यांना, चांगली वीस मिनिटं सुनावलं. यांना कचऱ्याची गाडीच हवी आहे, फक्त जाताना थँक यू म्हणणारी, असंही म्हणाले. मजा येत होती, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात तिने ढिगातून दोन बोटांनी एक उशी उचलली. ‘आणि ही बघा. ही आपल्यापैकी कोणाची नाही हं. तुमच्याच बाईने सकाळी आणून ठेवली. या बायका घरची घाण इथे आणून टाकतात, आणि तुम्ही आम्हाला बोलताय.’ माझ्याकडे कामाला येणारी, डिलाईल रोडवरून रोज चालत येणारी ती बाई तिथेच जिन्यापाशी उभी होती. मी उशी पाहिली. निळ्या पट्ट्यांची खोळ, आणि एका कोपऱ्यात लाल टाके, कारण एका वर्षी तुझा पांढरा दोरा संपला होता.

दोन वर्षांपूर्वी मीच ती तिला दिली होती. ‘आईची आहे, नीट वापर,’ असं वर ऐकवून. तू गेल्यापासून ती पलंगाच्या पेटीत पडून होती. मी त्या उशीला एकदाही ऊन दाखवलं नव्हतं, आणि देताना तिच्यावर गाल ठेवून पाहिला नव्हता.

मी उशी काखेत मारली, कॉन्व्हेंटी आवाजात ‘मी बघते हिचं काय करायचं ते’ म्हणाले आणि वर आले. मी बाईला फैलावर घेणार, असंच सगळ्यांना वाटलं असणार. ती मागोमाग आली.

‘ताई, रागावू नका. कुबट वास यायचा. पोरगी रात्रभर शिंकायची. टाकणार होते, पण तुमच्या आईची म्हणाला होतात.’

‘मग मला सांगायचं नाही का?’

‘तुम्हाला?’ ती म्हणाली, आणि बादली आणायला गेली.

दोघींनी मिळून उशी रिकामी केली. ओली पिसं मी बिल्डिंगच्या बागेत अनंताच्या झाडाखाली वीतभर खोल पुरून वर माती लोटली. सावकाश कुजतात, पण झाडाला चांगली. खोळ तिने धुतली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, ‘कापड दणकट आहे. हे मात्र मी नेते.’ तिने माझ्याकडून आपणहून घेतलेली ही पहिली वस्तू.

उशा गेल्या, टेबल मोकळं झालं. लॉबीत आता नवा कागद लागला आहे: कामवाल्या बायकांनी घरचं सामान आणू नये. तो वाचून माझी बाई वर येते आणि कामाला लागते. सेक्रेटरीचं घर माझ्या दोन मजले खाली. दुपारची त्याची बायको घरीच असते. उशी माझी होती, एवढंच तिला सांगायचं आहे, आणि मी तास झाला इथे बसून तुला लिहिते आहे.