खंडेनवमीचं तेल

छत्रीबाग, इंदूर
३ ऑक्टोबर २०२५

चि. क्षितिजास, अ. उ. आ.

किर्रर्र! सत्तर वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी हा आवाज आला, की आम्ही भावंडं गोट्या लपवून मोठमोठ्यानं कविता म्हणू लागायचो. मिलमधून वडील आले, हे त्यांच्या सायकलच्या ब्रेकनं कळायचं. ओळीत यती आला की थांबा, असं मास्तर शिकवत. वडील अगदी तसे गल्लीच्या यतीवर थांबत.

परवा खंडेनवमीला तुझ्या डोंगरी सायकलला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. दोन्ही चाकांच्या त्या चकचकीत तबकड्यांवर शिवणयंत्राचं तेल चोळलं. त्या दिवशी आपल्या घरातलं कुठलंच लोखंड कोरडं राहत नाही. आता चाक कसं गरगर फिरतं, हूं नाही की चूं नाही!

दिवाकरचा भोपाळहून फोन होता. गेल्या वर्षी जानापावच्या डोंगरउतारावर तुझं मनगट मोडलं, तेव्हापासून तुझ्या बापाचा त्या ब्रेकवर भरवसा नाही. दिवाळीत तू पुन्हा तिथेच जाणार कळल्यावर म्हणाला, सायकल विकूनच टाका. मी छाती ठोकून सांगितलं, ब्रेकची हमी माझी. तू बिनधास्त ये.

लोभ आहेच, पत्रागणिक वाढवत जा.
तुझा,
आबा

पुणे
६ ऑक्टोबर

ती. आबांस, शि. सा. न. वि. वि.

आबा, गजबच केलंत! त्या सायकलवर कुणालाही बसू देऊ नका. अहो, दोन पॅड तबकडीला चिमटीत धरतात, तेव्हा ती थांबते. तेल लागलं की चिमटी सुटलीच, आणि पॅड एकदा तेल प्यायले की कामातून गेले. तेल फक्त साखळीला! तबकड्या स्पिरिटनं पुसायच्या आणि पॅड नवेच घालायचे.

सायकल घेताना पलासियाचे दुकानवाले भिया हायड्रॉलिक ब्रेक घ्या म्हणत होते, एका बोटानं थांबते म्हणे. मी तारेचेच घेतले. तार कुठेही मिळते आणि माझी मला कसता येते, अशी माझी ऐट.

आबा, कसता येते, पण कसली नव्हती. गेल्या वर्षी पॅड झिजून पत्र्याला टेकले होते. घासल्याचा आवाज महिनाभर ऐकत होते, तरी निघाले. बाबांना सांगितलं, ब्रेक अचानक गेले. आता सायकल विकली गेली तर माझ्या खोटेपणापायी. तुमची चूक निदान पूजेतली. मला बाबांना सांगवत नाही. तुम्ही सांगाल?

रागवा, पण लोभाला ब्रेक लावू नका.
तुमची,
क्षितिजा

छत्रीबाग, इंदूर
१४ ऑक्टोबर

चि. क्षितिजास, अ. उ. आ.

माझं पाप अर्धं फिटलं. स्नेहलतागंजात सायकली दुरुस्त करणारी सुनीता घरी येऊन गेली. म्हणाली, आबाजी, तुम्ही तर ब्रेकची मालिशच करून टाकली! तिनं तबकड्या पुसल्या, चारही पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवले, नव्या पॅडची जाडी कशी बघायची तेही शिकवलं. यापुढे दर रविवारी मी बघणार. पण तुझ्या ब्रेकचे पॅड इंदुरात कुठेच मिळेनात. सायकल बाहेरच्या खोलीत नुसती उभी आहे.

दिवाकरला सगळं लिहिलं, माझा गुन्हा आणि तुझाही. पुरावा म्हणून एक तेलकट पॅड पाकिटात घातला. हमी परत घेतो, विकायची की नाही ते तूच ठरव, असंही लिहिलं. चार दिवस झाले, उत्तर नाही, फोनही उचलत नाही. मला घोर नाही. लहानपणी कविता पाठ असली तरी हा मुलगा लगेच तोंड उघडायचा नाही. पण म्हणायला लागला, की एक अक्षर चुकायचा नाही.

थांब, कडी वाजतेय.

अगं, दिवाकर! न कळवता भोपाळहून आलाय. बूटही न काढता थेट सायकलपाशी जाऊन बसला. एका हातात माझा तेलकट पॅड, दुसऱ्या हातात तसल्याच नव्या पॅडच्या दोन जोड्या. जानापावला उताराच्या पायथ्याशी स्वतः उभा राहणार म्हणतो. मी कौतुकानं नव्या पॅडला हात लावायला गेलो, तर केवढ्यांदा ओरडला, आबा, आधी साबणानं हात धुवा!

हात धुवायला जातो. बाकीचा लोभ तू आल्यावर.
आबा