खिशातला खर्रा

४ नोव्हेंबर
हिंगणी. पुन्हा पानठेला! खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, सुटताना माणसाच्या मनात आणि शरीरात काय चालतं, हा माझा प्रबंध. माझ्या अभ्यासातल्या चंद्रभानभाऊंचं तोंड खर्ऱ्यामुळे जेमतेम दोन बोटं उघडतं. तंबाखू पूर्ण सुटला तरच जबड्याचं ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणतात, "सोडला म्याडम, आईची आन!" आणि बसतात कुठे? ठेल्यावरच. मित्र प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटतात, हे शेजारी गप्पा मारतात. तरी विश्वास ठेवावासा वाटतो. माणूस गोड आहे.

६ नोव्हेंबर
त्यांच्या बायकोने, देवकाबाईंनी, आज अंगणातच गाठलं. "कायचा सोडला! रोज सदऱ्याच्या खिशात खर्रा सापडते मले."

राग आला. चांगलाच आला. बाकीचे थापा मारतात हे धरूनच चालते मी, पण यांनीसुद्धा? लगेच थुंकीचा नमुना मागितला. तंबाखू खाल्ला असेल तर थुंकीत काही दिवस उतरतोच. भाऊंनी दिला. मी निघताना एवढंच म्हणाले, "पाहून घ्या तुमी."

७ नोव्हेंबर
नमुना वर्ध्याला पाठवला. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बायकांच्या मुलाखती. ऊन मऊ होतं.

११ नोव्हेंबर
निकाल आला — कोरा! तंबाखूचा मागमूस नाही!

तडक ठेल्यावर गेले. मग खिशात काय होतं? भाऊ लाजले. "दोस्तानं हातावर ठेवला तं नाई कसा म्हनू? त्याले वाईट वाटते. घेतो, अन् नजर चुकवून खिशात टाकतो. घरी जाऊन इसरतो."

खरंच की! इथे खर्रा एकट्याने कोणी खात नाही. चिमूट नाकारली की माणूस नाकारला. आणि मी मेली नुसती 'तलफ किती येते' विचारत बसले होते. उद्या देवकाबाईंना सांगते. किती आनंद होईल!

१२ नोव्हेंबर
सांगितलं. तर देवकाबाई म्हणतात, "फेकाले जीव होत नव्हता, अन् ठेवला तं हे खातीन. म्हनून म्याच तोंडात टाकत गेली. आता सकाळी त्याच्याबिगर मले जमतच नाई... माही बी थुंकी घ्या, म्याडम."