खुर्ची मीच नेणार

२ एप्रिल, गुरुवार
निर्णय झाला. मुग्धाची खुर्ची नांदेडहून लातूरला मीच नेणार.

खुर्ची म्हणजे डेंटिस्टची. दिवा, नळ, थुंकायचं भांडं, सगळं एकत्र. वजन पावणेदोनशे किलो. इथले डॉ. अमरनाथ रिटायर झाले, त्यांच्याकडून मुग्धाने स्वतःच्या कमाईतून घेतली. लातूरला तिचा दवाखाना, अक्षय तृतीयेला उद्घाटन. जागा जावईबापूंनी शोधली, फर्निचर त्यांच्या मित्राने केलं, बोर्ड तिच्या मैत्रिणीने. बापाचं काय? काहीच नाही. म्हणून खुर्ची.

शिल्पा म्हणाली, "अहो, टेम्पो सांगा." टेम्पो कोणीही सांगतो. मी आपल्या गाडीला ट्रेलर लावणार. बत्तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, ते काय फक्त फळ्यावर?

३ एप्रिल, शुक्रवार
हिशोब केला. गाडी आठशे सीसी, सेहेचाळीस हॉर्सपॉवर. म्हणजे सेहेचाळीस घोडे. बैलगाडीला दोनच बैल असतात. विषय संपला.

आरटीओत विचारून यावं असं मनात आलं होतं. पण ऊन फार होतं.

५ एप्रिल, रविवार
नायगावला सिद्धराम वेल्डरकडे ऑर्डर दिली. लोखंडी अँगल, खाली पत्रा, जुन्या रिक्षाची दोन चाकं. तो "ट्रॉली" म्हणतो. मी दोनदा सुधारलं, "ट्रेलर". तिसऱ्यांदा सोडून दिलं.

ट्रॉलीला ब्रेक कुठे बसवू, असं त्याने विचारलं. त्याला समजावलं की स्वतंत्र ब्रेकची गरज नाही. गाडी थांबली की ट्रेलर जाणार कुठे? सिद्धरामने टेप गुंडाळून खिशात टाकला. पटलं असावं.

१० एप्रिल, शुक्रवार
ट्रेलर आला. निळा रंग. मागे शिल्पाचा लाल ब्लाऊजपीस बांधला, नियमाप्रमाणे. सेफ्टी फर्स्ट. ब्लाऊजपीस कोरा होता हे मला माहीत नव्हतं. दुपारचं जेवण शांततेत.

११ एप्रिल, शनिवार
मेहुणा वैजनाथ ज्वारीची पाच पोती घेऊन गावाहून आला. उद्या ट्रायल आहे, तेव्हा पोती ट्रेलरवरच ठेवायला सांगितली. सगळी अगदी मागच्या टोकाला. कारण साधं आहे. वजन गाडीपासून जितकं लांब, तितकं गाडीला हलकं.

वैजनाथ शेतकरी माणूस, लगेच शिकवायला लागला. "दाजी, वज्जं म्होरं घ्या. बैलाच्या मानंवर थोडा दाब पायजे. समदं मागं टाकलं की गाडी उलाळती, जू वर उठतं, बैल बिथरतो."

मी म्हणालो, वैजनाथ, ही कार आहे. हिला मान नाही.

तो म्हणाला, "हाव. पर उलाळतंय ते उलाळतंयच की."

चर्चा थांबवली. सातवी पास माणसाशी फिजिक्सवर किती बोलणार?

१२ एप्रिल, रविवार, सकाळी ६.३०
ट्रायल. नायगाव रोड. आकाश निरभ्र. चालक उत्साही. शिल्पाला चल म्हटलं तर तिचे गुडघे दुखायला लागले.

त्याच दिवशी, दुपारी २
ट्रायल नव्वद टक्के यशस्वी.

चाळीसच्या स्पीडपर्यंत काहीच नाही. पन्नासला स्टीअरिंग हलकं लागायला लागलं. छान वाटलं, जणू पॉवर स्टीअरिंगच. मग गाडीचं बूड डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एक दूधवाला मोटारसायकलवरून शेजारी आला आणि ओरडला, "ओ काका, तुमचं शेपूट लई हलायलंय!" मी हसून हात दाखवला. मग ब्रेक दाबला.

ब्रेक उत्तम आहेत हे सिद्ध झालं. गाडी थांबली. ट्रेलर थांबला नाही. तो आधी डिकीत शिरला, मग शेजारून पुढे बघायला आला. सगळं मिळून रस्त्यावर आडवं. दोन पोती फुटली. एसटी अर्धा तास खोळंबली. कंडक्टरने मला काय करता असं विचारलं. फिजिक्स शिकवतो म्हणून सांगितलं. त्यावर एसटीतल्या लोकांनी हसायचं कारण नव्हतं. शेळ्या कुठून आल्या कळलं नाही, पण ज्वारी वाया गेली नाही.

निष्कर्ष: वारा.

१३ एप्रिल, सोमवार
मान दुखते. डावीकडचं बघायचं असेल तर पूर्ण वळावं लागतं.

मुग्धाला यातलं काही सांगू नकोस असं शिल्पाला बजावलं. अर्ध्या तासात मुग्धाचा फोन. "बाबा, ती खुर्ची आपटली ना, तर माझा दवाखानाच नाही. मला टेम्पो पाठवू द्या."

मी जरा चिडलोच. म्हणालो, मग मी येऊन काय करू? नारळ फोडू? सगळ्यांनी काही ना काही केलंय. मी पाहुणा आहे का?

  ती म्हणाली, "बरं बाबा. तुम्हीच आणा."

शेवटी मुलगी माझीच. लॉजिक कळतं तिला.

१४ एप्रिल, मंगळवार
संकल्प:
चाळीसच्या वर जायचं नाही.
ओव्हरटेक करायचं नाही.
वैजनाथशी वाद घालायचा नाही.

संध्याकाळी वैजनाथशी वाद झाला. तो म्हणतो वजन पुढे. मी म्हणतो वारा नसताना निघायचं.

१६ एप्रिल, गुरुवार
डिकी उघडत नाही. म्हणजे चोरीची भीती गेली.

सिद्धरामने हूक पुन्हा जोडून दिला. ब्रेकचं त्याने आज काहीच विचारलं नाही. नुसता नमस्कार केला, दोन्ही हातांनी.

१८ एप्रिल, शनिवार
आज पेपर तपासणीची ड्यूटी, त्यामुळे खुर्ची चढवताना मी नव्हतो. चार वाजता घरी आलो तर वैजनाथने सगळं उरकलेलं. मोठा खोका, वर ताडपत्री, दोर असा आवळलेला की बोट जात नाही. आतलं एकदा बघून घेतो म्हटलं तर मध्ये आडवाच झाला. "दाजी, त्या गाठीला हात लावू नका. पुन्हा तशी बसायची न्हाई." बरं म्हटलं. माझं न ऐकता खोका त्याने पुढच्या बाजूला ठेवला आहे. मोठ्या मनाने चालवून घेतलं. वारा नसेल तर कुठेही ठेवा.

वैजनाथला सोबत चल म्हणालो. त्याला म्हणे लातूरला आजच जायचंय, काम आहे. माणसं ऐन वेळी कशी सटकतात!

१९ एप्रिल, रविवार. अक्षय तृतीया. पहाटे ५.१०
निघालो. शिल्पा स्वतःहून पुढच्या सीटवर बसली. गुडघ्यांचं नाव नाही. एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या ड्रायव्हिंगवर इतका विश्वास तिने प्रथमच दाखवला. गहिवरून आलं. 

७.३०, लोहा
गाडी पिसासारखी चालते आहे. मागे काही जोडलंय हे जाणवतसुद्धा नाही. हूकचा कोन मी स्वतः काढून दिला होता, त्याचा हा परिणाम. शिल्पा घोरते आहे.

हॉर्न वाजवत पुढे जाणाऱ्या लोकांची मला कीव येते.

१०.१५, अहमदपूर
चहा. हॉटेलवाल्याला ताडपत्री दाखवून सांगितलं, आत मुलीचा अख्खा दवाखाना आहे. त्याने लगेच दाढ दाखवली. लातूरला ये म्हणालो.

पूजा अकराला. उशीर होतोय म्हणून मुग्धाला फोन केला. म्हणाली, "सावकाश या बाबा, काही घाई नाही." बरोबर आहे. खुर्चीच माझ्याकडे, तर पूजा कशाची करणार?

सायंकाळी ७, लातूर
पावणेएकला पोचलो. गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवत आलो, म्हणजे लोकांना बाहेर येऊन बघता येईल. कोणी आलं नाही.

दवाखान्याच्या दारात वैजनाथ नव्या शर्टात पेढे वाटत उभा. दाराला तोरण, नारळ फुटलेला, हार सुकायला लागलेले. पूजा होऊन दीड तास झाला होता. आत गेलो. ईश्वरप्पा नावाचे निलंग्याकडचे एक गृहस्थ आ करून पडलेले आणि मुग्धा वाकून त्यांच्या तोंडात बघत होती. ते ज्या खुर्चीत पडले होते, ती मला ओळखीची वाटली. डाव्या हातावर डॉ. अमरनाथांच्या वेळचा जळका डाग. मी डागाकडे बघत राहिलो. ईश्वरप्पा आ केलेल्या तोंडानेच मला नमस्कार म्हणाले.

खुर्ची काल टेम्पोने आली. वैजनाथ घेऊन आला. शिल्पाने ठरवलं, मुग्धाने हो म्हटलं, सिद्धरामलासुद्धा माहीत होतं.

बाहेर येऊन मी स्वतः ती गाठ सोडली. एका ओढीत सुटली. खोक्यात तीन गाद्या आणि चार उशा. शिल्पा म्हणाली, "मी महिनाभर इथं राहणार आहे ना, लागतातच." मी म्हणालो, मला सांगायचं तरी. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही खुर्ची बांधली असती."

मी दोर गुंडाळायला घेतला. 

तेवढ्यात मुग्धा बाहेर आली. हातात ग्लोव्हज, मास्क हनुवटीवर. माझ्याजवळ येऊन थांबली.  म्हणाली, "बाबा, ट्रॉली जरा मागं घेता का? पेशंटच्या गाड्या अडल्यात."

ट्रेलर लावून रिव्हर्स घ्यायची वेळ आजवर आली नव्हती. गाडी डावीकडे वळवली की तो उजवीकडे जातो. उजवीकडे वळवली की गटाराकडे. पंधरा मिनिटं केलं. समोरचा मेडिकलवाला, झेरॉक्सवाला आणि तोंडात कापूस धरलेले ईश्वरप्पा, तिघं तीन दिशांनी हात करत होते. मघाशी हॉर्नला न आलेली गल्ली आता सगळी बाहेर.

शेवटी वैजनाथ आला.  हूक काढला. मी म्हणालो, सावकाश रे, चार माणसं बोलाव. त्याने एकट्यानेच दांडी धरून ट्रेलर ढकलत भिंतीला नेऊन लावला.

मीही मागून हात लावला. गरज नव्हती.