तुमच्या नारळानं मले नापास केलं

शहापूर, ता. २२ सप्टेंबर १९८४

तीर्थरूप गोमाजी काकाजी, मु. सानगडी,

इश्वरचा दुरूनच दंडवत. दुरूनच, कारण आज जवळ असतो तर तुमचे पाय धरले असते का ओढले असते, हे माझं मलेच सांगता येत नाही. तुमचा दमा कसा आहे? काकूचे गुडघे? तलावाचं पाणी धानाले पुरून राहिलं ना? मी इकडं धडधाकट आहे. फक्त नापास आहे.

हो, नापास! मिसरूड फुटलं तेव्हापासून मी वेल्डिंग करून राहिलो, अन् नापास! आमच्या कारखान्याले बॉयलरचं काम मिळालं. बॉयलर फुटला तर माणसं मरतात, म्हणून कोडाचं, म्हणजे बॉयलरच्या नियमांचं, पुस्तक म्हणते की परीक्षा पास झाल्याशिवाय कोणी जोड मारायचा नाही. (हे मले मान्य आहे, माझं भांडण पुस्तकाशी नाही.) परीक्षेत लोखंडाची प्लेट डोक्याच्या वर टांगतात. खालून मान मोडेस्तोवर जोड मारा, ठिणग्या बनियानात घ्या. मग त्या जोडाची पट्टी कापून मशीनमध्ये घोड्याच्या नालेसारखी वाकवतात. फाटली की तुम्ही गेले. तिकडं आंधळगावच्या देवाजीनं साफ सांगून ठेवलं आहे की पास झालेल्या वेल्डरलेच पोरगी देईन. कुंता मले पसंत आहे अन् मी तिले. (पोहे देताना तिनं माझ्या ताटलीत दुसऱ्यांदा वाढले, तुमच्या नाही. तुम्ही तेव्हाही रागावलेच होते.)

आता तुमच्या नारळावर येतो. परीक्षा विश्वकर्मा पूजेच्या दिवशी होती. तुम्ही घरच्या देवापुढचा नारळ एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवला, वरून निरोप, की फोडून त्याचं पाणी रॉडवर शिंपड, देव हातात येते. काहून ऐकलं मी तुमचं? परीक्षा घेणाऱ्या साहेबानं ते रॉड ओव्हनमध्ये भाजून, सुकवून, प्रत्येकाच्या नावानं वेगळे ठेवले होते. वेल्डिंगच्या रॉडले ओल चालत नाही, हे आमच्या इथलं कुत्रंही सांगते. पण हळद-कुंकू, अगरबत्ती अन् तुमचा निरोप आला की आमची अक्कल चपला घालून बाहेर जाते! मी शिंपडलं. माझं पाहून बाकीच्यांनीही आपापल्या रॉडवर शिंपडलं. पूजा झाली, प्रसाद खाल्ला अन् लगेच परीक्षा. जोड असा चरचरला की शेजारी भजे तळून राहिले असं वाटलं. पट्टी वाकवली तर आत छिद्रच छिद्रं, कटकन फाटली. साहेबानं फाटलेल्या तोंडाशी बोट फिरवलं, मग वास घेतला, मग माझ्याकडं पाहिलं. कोडात नारळाचं कलम नाही, एवढंच बोलला. पूजा केलेले सारेच नापास झाले, अन् सारे माझ्याकडं पाहून राहिले.

अन् पास कोण झाला? तुलाराम! ज्याच्या हातचं फाटक वाऱ्यानं निखळते, तो! त्याले चुलत आजोबाचं सुतक होतं म्हणून तो पूजेले शिवलाच नाही. बाहेर लिंबाखाली बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. त्याचे रॉड कोरडे राहिले, पट्टी गुमान वाकली, अन् आता तो भैताड मले वेल्डिंग शिकवते. मेलेल्या बुढ्याच्या जिवावर पास झाला हो हा माणूस! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होऊन राहिला आहे.

कारखान्याच्या शेठचं तर काही विचारूच नका. मी सांगितलं की पाण्यानं घात केला. तो म्हणते, देवाच्या पाण्यानं कधी काही बिघडते का, तुमचा भाव कमी पडला, खंडेनवमीले याहून मोठा नारळ फोडू. अन् फेरपरीक्षा खंडेनवमीलेच, पूजा झाली की लगेच. जो पूजा करणार नाही, त्यानं घरी बसावं. हे शेवटचं, यावेळी फाटली तर वेल्डरकी गेली, कुंता गेली.

असो. मोठ्या माणसाले जास्त बोललो, पण एक शब्दही मागं घेत नाही. काकूले नमस्कार.

तुमचा,
इश्वर

ता. क. — पूजेतून सूट फक्त सुतक असलेल्याले आहे. आपल्या भावकीतला लक्ष्मणराव बुढा मागं रायपूरकडं गेला, तो आहे का नाही हे कोणालेच ठाऊक नाही. तर खंडेनवमीच्या दोन-तीन दिवस आधी शेठच्या पत्त्यावर तो गेल्याचं कार्ड टाका. वर सवयीनं श्री लिहू नका, अन् कार्डाचा कोपरा फाडायचं विसरू नका. नारळ तुम्हीच पाठवला होता, एवढं तर करा.

आणखी एक — थंडी पडायच्या आत दम्याची दवा सुरू करा, तलावाच्या पाळीवर पहाटे जाऊ नका. तुमच्यावरचा राग गेला, असं समजू नका. पण सख्खा काका गेला तर वर्षभर लग्न करता येत नाही, अन् देवाजी एवढा थांबणार नाही.