दीडपट वेगाने शहाणपण

३ मार्च, सोमवार
बायको बहिणीकडे जाऊन आठवडा झाला. जाताना म्हणाली की मला काही ऐकूच येत नाही. म्हणून आज रीतसर कानाच्या डॉक्टरकडे गेलो. कान ठणठणीत! रिपोर्टचा फोटो तिला पाठवला. खाली लिहिलं, आता बोल. तिने वाचलं. पुराव्यापुढे कोण काय बोलणार?

४ मार्च
मेहुणीचा फोन. रविवारी, १६ तारखेला, अकरा वाजता बायको येणार. मी बदललेला दिसलो तर राहणार, नाहीतर उरलेले कपडे घेऊन कायमची जाणार. मी विचारलं की बदललेला म्हणजे नेमका कसा. मेहुणी म्हणाली की हेच, हेच! आणि फोन आपटला. हे काय उत्तर झालं?
चहा करायला गेलो, साखर सापडली नाही. कोरा, कडू घोट घेतला आणि उभ्याउभ्याच रडलो. धूर डोळ्यांत गेला असावा. गॅसला धूर नसतो, पण असो.

५ मार्च
संकल्प! रविवारच्या आत शहाणं व्हायचं. ॲप सापडलं. जगातले थोर तत्त्वज्ञानाचे ग्रंथ, मराठीत, चक्क फुकट! हौशी लोक घरी बसून वाचतात आणि रेकॉर्ड करून टाकतात. रिकामटेकडे दिसतात, पण आपल्याला काय? ग्रंथ जाड, दिवस कमी, म्हणून वेग दीडपट ठेवलाय. सुरुवातीला वाचणारा आपली ओळख वगैरे सांगत बसतो, ते पुढे ढकलतो. मुद्द्याचं तेवढं ऐकावं.

७ मार्च
पहिला ग्रंथ. विषय: समोरची वस्तू खरंच आहे की नुसता भास. वाचणारे गृहस्थ सर्दीने बेजार. ऐकत ऐकत स्वयंपाकघरात जाताना टेबलाच्या पायावर अंगठा आपटला. टेबल आहे. ग्रंथ बंद.

८ मार्च, शनिवार
दुसरा ग्रंथ, संयमावरचा. वाचणारी एक बाई आहे. दीडपट वेगामुळे आवाज जरा चिमणीसारखा येतो, पण काय वाचते! कुठे थांबावं, कुठे जोर द्यावा, सगळं कळतं तिला. नाहीतर आमची! घरात पाऊल टाकलं की नळ गळतोय, सिलिंडर संपलाय. आणि सुट्टीच्या दुपारी बघावं तर कपड्यांच्या कपाटात डोकं घालून, वरून रजई पांघरून, एकटीच पुटपुटत बसलेली. डोक्यावर परिणाम झाला की काय असं वाटायचं. मोठ्या मनाने कधी काही विचारलं नाही.

१० मार्च
ऑफिसात गोंधळ. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते, मी तक्रारी घेतो. एका कानात फोन, दुसऱ्या कानात बाई. एक गृहस्थ चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकलेले. मी शांतपणे सांगितलं की जे आपल्या हातात नाही त्याचा शोक करू नये. ते ओरडायला लागले. मेकॅनिक पाठवायचं राहून गेलं. साहेबांनी विचारलं की कानात काय घातलंय. मी म्हणालो, संयम. लेखी खुलासा मागितलाय.
शहाण्या माणसाला जग असंच छळतं. तरी घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

११ मार्च
मुलीचा हॉस्टेलवरून फोन. तिला बाईंबद्दल सांगितलं. ती म्हणाली की बाबा, काखेत कळसा नि गावाला वळसा. मी चष्मा शोधत होतो, तो डोक्यावरच सापडला. पोरीला फोनवरून कसं कळलं कोण जाणे! मग तिने विचारलं की आई कपाटात बसून काय करायची ते मला माहीत आहे का. मी म्हणालो, कपडे आवरत असेल. तिने फोन ठेवला. बहुतेक रेंज गेली.

१३ मार्च
तीनच दिवस उरले. झोप नाही. पातेल्यात भात, भातात पातेलं, दोन्ही जळालं. तिची उशी अजून तिच्याच जागी आहे, मी हलवलेली नाही. हलवली तर ती खरंच गेली असं होईल.
शेवटी एक धाडस केलं. बाईंच्या ग्रंथाची लिंक बायकोलाच पाठवली. लिहिलं, ऐक जरा, घरात कसं बोलावं ते हिच्याकडून शिकण्यासारखं आहे.

१४ मार्च
उत्तर आलं!! लिहिलंय, मला पाठ आहे. तूच ऐक, सावकाश.
म्हणजे माझी काळजी करतेय. म्हणजे आशा आहे. आनंदाने घर झाडलं. कचरा कुठे टाकतात ते शेजारणीला विचारलं.

१६ मार्च, रविवार, सकाळी
दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. दहालाच तयार होऊन बसलोय. तिला काय सांगायचं ते पाठ केलं आणि विसरलो. मन शांत व्हावं म्हणून आता ग्रंथाचं शेवटचं प्रकरण लावतो. तिने सांगितलंय म्हणून साध्या वेगाने आणि अगदी सुरुवातीपासून.

१६ मार्च, दुपारी
ती आहे.
साध्या वेगाने पहिल्याच शब्दाला बायकोचा आवाज ओळखला. सुरुवातीला सांगते की मी घरून वाचते, मागे मधूनच कुणी ओरडलं तर समजून घ्या, आमचंच माणूस आहे. मी ही ओळख रोज पुढे ढकलत होतो.
आणि मग मधेच, लांबून, माझा आवाज. अगं टॉवेल! ऐकू येत नाही का? ती थांबते. रजई सरकल्याचा, दार उघडल्याचा आवाज. पावलं जातात, परत येतात. मग तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचते, न चिडता. तेवढंच पुन्हा पुन्हा लावून ऐकत बसलो. आवाज अगदी मोठा केला, इयरफोन दोन्ही कानांत घट्ट बसवून. हमसून हमसून रडलो. ठरवलं की आली की पहिल्यांदा हेच सांगायचं, तुझं सगळं ऐकलं गं.
घड्याळ बघितलं तर साडेबारा.
दार उघडलं. शेजारीण बाहेरच उभी होती. म्हणाली की वहिनी येऊन गेल्या. किल्ली आणली नव्हती. कितीतरी वेळ बेल वाजवली, हाका मारल्या, दार ठोठावलं. आत कुणीतरी आहे हे कळत होतं त्यांना. मग म्हणाल्या की कपडे राहू देत, आणि जिना उतरल्या.
फोन लावतोय. उचलत नाही.
कान ठणठणीत आहेत. रिपोर्ट आहे.