फक्त नट आवळ

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात माझी बास गिटार आहे. भेट नाही, दुरुस्ती आहे. वायर खोचायच्या भोकाचा नट सैल झालाय, त्यामुळे वाजवताना मध्येच खरखर येते. इथला दुरुस्तीवाला महिनाभर थांब म्हणतो, आणि चोवीस तारखेला हॉटेलातल्या बँडसाठी माझी चाचणी आहे. कायमची नोकरी. सहा वर्षं मी बदलीवर वाजवतोय. ही हुकली तर बाबा मला टाइल्सच्या दुकानात बसवणार.

कपाटं बनवण्यात तुझी हयात गेली, म्हणून विश्वासाने पाठवतोय. फक्त नट आवळ. मी तुला ओळखतो, म्हणून पुन्हा लिहितो: फक्त नट.

कळावे. तुझा लोभ आहेच. तो बासवर उतरू नये ही विनंती.

तुझा भाचा,
खर्ज्या

९ मार्च

चि. खर्ज्यास,
अ. उ. आ.

नट एका मिनिटात आवळला. मग म्हटलं, उघडलीच आहे तर बघावं. बरं झालं बघितलं. अरे, दांड्याला पोक आलंय! पट्टी लावली तर मधोमध पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. असला दरवाजा दिला असता तर गिऱ्हाइकाने तो माझ्याच डोक्यात घातला असता. आतल्या सळईचा नट फिरवून, वर दोन दिवस शिकंज्यात धरून दांडा सुतासारखा सरळ केला.

दांड्यावर वीसेक धातूच्या पट्ट्या आडव्या वर आल्या होत्या. बोटाला लागतात. तू आजवर बोलला कसा नाहीस? पकडीने एकेक उपटली, खाचा पांढऱ्या लाकडाने बुजवल्या आणि वरून रंधा फिरवला. शेजारचा शिंपी म्हणाला, त्या मुद्दाम लावल्या असतील. मी त्याला म्हटलं, आपण आपली काजं करावीत.

पोट नुसतं भरीव. एवढं लाकूड वाया! मागून कोरून एक खण बसवलाय, कुलपासकट. आता चार रबरी पाय लावते, म्हणजे बाई कोपऱ्यात आपली आपण उभी राहील. घाई करू नकोस.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती वेगळी काय लिहायची.

तुझी आत्या

१३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि बसून संपवलं. त्या पट्ट्यांना पडदे म्हणतात. कुठला सूर कुठे आहे ते त्यांच्यामुळे कळतं. तू माझ्या जिन्याच्या पायऱ्या काढून घसरगुंडी केलीस. दांडा किंचित वाकलेलाच हवा, कारण तार हलते तेव्हा तिला जागा लागते. तुझ्या सरळ दांड्यावर ती आपटत राहणार. आणि खण? आत्या, कुणाच्या बासला खण असतो?

आता रागवायलाही वेळ नाही. पाय लावू नकोस. आहे तशी पाठव.

रागात असलो तरी तुझाच,
खर्ज्या

१७ मार्च

चि. खर्ज्यास,
अ. उ. आ.

बास आजच पाठवली. दांड्याला होतं तेवढं पोक परत दिलं. मोजून दिलं, पोस्टकार्ड सरकतं. पांढऱ्या रेघा दिसतात, तिथेच बोट ठेव. पाय तुझं पत्र येण्याआधीच लागले होते.

एक कबूल करते. शिंपी खरं बोलतोय हे मला तेव्हाच कळलं होतं. पण चार महिन्यांत एक कपाट माझ्याकडे आलं नाही. लोक खोक्यातली तयार कपाटं आणतात आणि घरी स्क्रू पिळतात. तुझी बास आली आणि मी पुन्हा सकाळी सातला शटर उघडायला लागले. नट आवळून झाला, तेव्हा साडेसातच वाजले होते. मग हात थांबेना. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली तर मला अन्न गोड लागायचं नाही.

रागाव, पण पत्र टाकत जा.

तुझी आत्या

२५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चाचणी झाली. पहिल्याच सुराला बोट रेघेच्या अलीकडे पडलं आणि बास गाय हंबरावी तशी हंबरली. पियानोवाला खाली वाकून हसला. पुढे मी रेघांकडे बघणंच सोडलं. सूर इकडून तिकडे वाहत गेले, आणि खरं सांगतो, असा आवाज माझ्या हातून कधी निघाला नव्हता. मी डोळे मिटले होते.

उघडले तर बँडमास्तर बासला कान लावून उकिडवे बसलेले. खालच्या सुराला खण गुणगुणत होता. त्यांनी किल्ली मागितली, खण उघडला, तू ठेवलेली खोकल्याची गोळी न विचारता तोंडात टाकली, आणि पाव तास एका बोटाने खण आत-बाहेर करत बसले. इतका हलका खण त्यांनी जन्मात पाहिला नाही म्हणे. त्यांच्या पियानोचं वरचं झाकण सात वर्षं अडकलंय, आणि वाद्यांच्या खोलीत एक कपाट धड बंद होत नाही.

मला घेतलं नाही. तुला घेतलंय. त्यांचं पत्र सोबत जोडलंय. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण तुझं शटर आठवलं आणि रस्त्यातच हसू फुटलं. बाबांना अजून सांगितलं नाही.

तू ये. एवढंच मागणं.

खर्ज्या

३ एप्रिल

चि. खर्ज्यास,
अ. उ. आ.

बँडमास्तरांना उत्तर टाकलं, त्याची नक्कल देते: ‘मी येते, पण एका अटीवर. कपाट दुरुस्त झालं की नाही ते दार लावून कळतं. वाद्याचं मला काही कळत नाही, आणि न कळता मी कुठवर जाते ते आपण पाहिलंच. तेव्हा माझ्या हाताखालून गेलेलं प्रत्येक वाद्य वाजवून बघायला आणि वेळीच माझा हात धरायला पगारी माणूस लागेल. असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझ्यावर ओरडायला भीत नाही.’

त्यांची तार आली: दोघेही या. बदली लागली की बँडमध्येही तूच वाजवायचंस, असंही त्यात आहे. दादाशी मी बोलते. लहानपणापासून तो मला टरकून आहे.

सोमवारी सातला हॉटेलच्या दारात हजर राहा. येताना बास आण. त्या पट्ट्या मी डब्यात जपून ठेवल्यात. पहिलं काम तेच, तुझ्या पट्ट्या परत बसवायचं.

उशीर करू नकोस.

तुझी आत्या

७ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

येतो. पट्ट्यांना हात लावू नकोस.

खर्ज्या